आजीची कापलेली शिंक

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता छोट्या थिएटरातली साठ मुलं एकदम हसली. पडद्यावर तेव्हा हसण्यासारखं काहीही नव्हतं.

पडद्यावर एक म्हातारी साळिंदर आपल्या नातवाला निरोप देत होती. नातवाचं नाव टोचू. "मी आता इथेच राहते. तू पुढे जा," एवढं बोलून आजी गप्प झाली होती आणि भिंतीवरच्या जुन्या चित्राकडे बघत होती. संगीतही थांबलेलं. अख्ख्या सिनेमातली सगळ्यात शांत जागा ती. तिथेच आधी तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, मग शेजारची रांग, मग सगळं थिएटर.

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या संकलक बाईने मान वर केली. तिला ऑफिसात सगळे धाकटी म्हणायचे. दिग्दर्शक तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि त्याने पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर तिला तशीच हाक मारली होती. आता तिची पंचेचाळिशी उलटली होती, केसांना रंग लागत होता, पण हाक काही बदलली नव्हती.

मुलं हसली याचं तिला वाईट वाटलं नाही. चुकीच्या जागी हसणं हा मुलांचा हक्कच असतो. ती दचकली ती वेगळ्याच कारणाने. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत नेमक्या याच जागी एक विनोद होता. चित्राकडे बघता बघता आजीला शिंक यायची, पाठीवरचे काटे सुटायचे, चित्र धाडकन खाली पडायचं आणि चित्रामागे राहणारा एक कोळी, घर मोडलं म्हणून, गाठोडं पाठीवर टाकून तरातरा निघून जायचा. तो विनोद धाकटीने स्वतःच्या हाताने कापला होता. जी मुलं आज पहिल्यांदा सिनेमा बघत होती, ती त्या कापलेल्या विनोदाला हसली होती.

म्हणजे ती पहिल्यांदा बघत नव्हती.

चाचणीचा खेळ संपला. मुलांनी बूट शोधले, एकमेकांचे घातले, रडारड झाली, बिस्किटं वाटली गेली. दुपारपर्यंत आकडेही आले. "पुन्हा बघायला आवडेल का?" या प्रश्नाला टोचूच्या पहिल्या सिनेमाच्या चाचणीत जेवढी मुलं हो म्हणाली होती, त्याहून जास्त या वेळी म्हणाली. दुसऱ्या भागाला असं होत नाही. दुसरा भाग म्हणजे उरलेल्या पिठाची शेवटची पोळी, असं या धंद्यातली जुनी माणसं म्हणतात.

निर्मातीने स्वतः फोन करून भावाचं अभिनंदन केलं. तिला सगळे मालकीण म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडे.

या आकड्यांवर भावाचं काय अवलंबून होतं ते ऑफिसातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. मालकिणीला टोचूची शिंक हवी होती. पहिला सिनेमा चालला तो शिंकेवर. टोचूला शिंक आली की काटे सुटायचे आणि समोरचा जो कोणी असेल त्याची गाळण उडायची. खेळण्यांच्या दुकानांतून शिंकणारे टोचू विकले गेले होते. "लोक दुसऱ्यांदा त्याच हॉटेलात का जातात?" मालकीण म्हणायची. "तीच चव मिळावी म्हणून. आचारी नवीन काय शिकलाय ते बघायला कुणी जात नाही."

भावाचं म्हणणं उलटं होतं. "मुलांना जे आवडलं ते त्यांच्या ताटात वाढायचं नाही," तो म्हणायचा. "ते त्यांनी आपल्याकडे मागायला हवं. मागून मागून घसा सुकला की एकदाच द्यायचं." म्हणून दुसऱ्या भागात शिंक फक्त शेवटी होती, एकदाच. आजीची शिंक होती, तीही त्याने काढायला लावली. निरोपाच्या प्रसंगात विनोद म्हणजे डोळ्यांत पाणी आलेल्याला गुदगुल्या करणं, असं त्याचं मत.

शेवटी तोडगा निघाला की मुलांनाच विचारू. आकडे पहिल्या सिनेमाच्या खाली आले तर सिनेमा भावाच्या हातून काढून दुरुस्तीवाल्याकडे जाणार. हा दुरुस्तीवाला म्हणजे अडकलेले दुसरे भाग सोडवून देणारा माणूस. तो काय करणार हे सगळ्यांना माहीत होतं. दर दहा मिनिटांनी शिंक. भावाच्या आयुष्यातली चार वर्षं या सिनेमात गेली होती. आता आकडे वर आले होते, शुक्रवारी दुपारी सिनेमा कायमचा लॉक व्हायचा होता, त्यानंतर एक फ्रेमही बदलता येणार नव्हती, आणि त्या आकड्यांत काहीतरी शिजलंय असं वाटणारी एकच व्यक्ती होती. ती त्याची बहीण होती.

तिने तोंड उघडलं नाही. आधी खात्री, मग बोभाटा, ही तिची रीत.

थिएटरात पडद्याच्या वर एक छोटा कॅमेरा असायचा. अंधारातही मुलांचे चेहरे टिपायचा. त्याचं चित्रण तिने आपल्या खोलीत मागवलं. खोली अरुंद, खिडकीला काळा पडदा, दोन पडदे टेबलावर शेजारी शेजारी: एकावर सिनेमा, दुसऱ्यावर मुलांचे चेहरे. सोबत ध्वनिमुद्रक बसला. त्याला सगळे कानसेन म्हणत. बोलायचा कमी, ऐकायचा फार.

दोघांनी ती जागा पुन्हा पुन्हा चालवून बघितली.

"सुरुवात तिसऱ्या रांगेतून," कानसेन म्हणाला. "भिंतीकडची पाच पोरं. पाचही एकदम."

"एकदम म्हणजे?"

"म्हणजे एक दुसऱ्याकडे बघून हसला असं नाही. पाचही जणांना एकाच वेळी कळलं. बाकीचे त्यांच्या मागून हसलेत. मेंढरं."

"काय कळलं? समोर काही नाहीये."

"ते तुमचं खातं," तो म्हणाला. "माझ्या खात्यात फक्त हसू आहे. आणि हे हसू ओळखीचं आहे. नवीन विनोदाला मुलं आधी थांबतात, मग हसतात. इथे थांबलीच नाहीत."

धाकटीने मुलं जमवणाऱ्या बाईला फोन लावला. ही बाई चाचणी खेळांसाठी वस्त्यावस्त्यांतून मुलं गोळा करायची. नियम दोन: मुलाचं कुणीही सिनेमाशी संबंधित नको, आणि मुलाने सिनेमाचा तुकडासुद्धा आधी पाहिलेला नको.

"माझी मुलं कोरी असतात, ताई. कोऱ्या कागदासारखी."

"कोऱ्या कागदावर आधीच कुणीतरी लिहिलंय असं वाटतंय मला. तिसऱ्या रांगेतली पाच मुलं कुठली?"

"एकाच गल्लीतली असतील. मैत्रीत येतात मुलं. एकाला बोलावलं की चार चिकटून येतात."

"माझ्या वहिनीच्या शाळेतली?"

वहिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. हे त्या बाईला माहीत होतं; पूर्वी एकदा तिने त्या शाळेतून मुलं नेली होती.

"त्या शाळेतलं एकही नाही. तुमच्याच मालकिणीने बजावलं होतं."

"शेजारच्या शाळेतली?"

"शेजार कुठे संपतो ते तुम्ही सांगा," बाई म्हणाली. "मी तिथे थांबते."

आजीची शिंक असलेल्या जुन्या प्रती तीन होत्या, पेनड्राइव्हवर. एक धाकटीच्या खोलीतल्या कपाटात. तिने कपाट उघडून बघितलं, होती. एक मालकिणीकडे. एक भावाकडे. धाकटी मालकिणीच्या खोलीत गेली आणि लॉक करण्याआधी जुन्या प्रती परत गोळा करायच्या आहेत असं म्हणाली. ते खोटं नव्हतं. मालकिणीने पर्स उघडली, शोधलं, पर्स टेबलावर उपडी केली. चष्मे निघाले, गोळ्या निघाल्या, नातवाची मोटार निघाली. प्रत निघाली नाही.

"घरी असेल," मालकीण म्हणाली. "का गं? काही झालंय का?"

"नाही. नियम आहे म्हणून."

"आकडे वाईट आले की लोक पुन्हा मोजतात. चांगले आल्यावर मोजणारी तूच पहिली." मालकिणीने गोळ्या परत भरल्या. "भाऊ-बहिणीचं काही बिनसलंय का?"

धाकटी हसली आणि निघाली. दारापाशी तिच्या लक्षात आलं की मालकिणीने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता, फक्त एक दिवस लवकर आला होता.

बुधवारी संध्याकाळी ती भावाकडे जेवायला गेली. बोलावणं नेहमीचं होतं, संशय तिने सोबत नेला. घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात सायकल, दारात चपलांचा ढीग, आत भिंतभर चिकटवलेली टोचूची चित्रं. भाची आठ वर्षांची. आत्या आली म्हणून तिने लगेच खेळ दाखवायला घेतला.

"आत्या, मी आजी. बघ हं."

ती सोफ्यावर उभी राहिली. म्हाताऱ्या आवाजात "मी आता इथेच राहते" म्हणाली, भिंतीकडे बघितलं, नाक आक्रसलं आणि जोरात शिंकली. मग खाली उडी मारली, उशी पाठीवर टाकली आणि चार पायांवर तरातरा स्वयंपाकघराकडे गेली.

धाकटीने भावाकडे बघितलं. भाऊ पाण्याचा पेला पुसत होता. पेला केव्हाच कोरडा झाला होता.

"हे काय होतं?" तिने विचारलं.

"कोळी," स्वयंपाकघरातून भाची म्हणाली. "त्याचं घर पडलं ना."

"तिने जुनी प्रत बघितलीय," धाकटी म्हणाली.

"माझी मुलगी आहे," भाऊ म्हणाला. "मी काढलेली प्रत्येक रेघ ती बघते. पहिल्या सिनेमाच्या वेळी अडीच वर्षांची होती, तेव्हाही बघायची. तेव्हा तुला ते गोड वाटलं होतं."

"शाळेत कुणाला दाखवलं?"

वहिनी वाढता वाढता थांबली. "वन्सं, जेवायला बसलाय की चौकशीला?"

"मी सहज विचारतेय."

"सहज विचारणाऱ्याचा आवाज असा नसतो. हिच्या वर्गात चाळीस पोरं आहेत. मधल्या सुट्टीत ही असा कोळी करते, ती पोरं मग आपापल्या गल्लीत जाऊन करतात. मी प्रत्येकाच्या तोंडाला कुलूप घालू? का पाठीवर उशी घेऊन चालायला बंदी घालू?"

"मी खेळाबद्दल नाही विचारत. सिनेमा कुणाला दाखवला का, ते विचारतेय."

"आणि दाखवला असेल तर?" वहिनीने पातेलं खाली ठेवलं. "मुलं आवडती गोष्ट शंभरदा ऐकतात. दहाव्यांदा ऐकतात तेव्हा जास्त हसतात. त्यात चोरी कसली?"

"त्यात आकडे आहेत, वहिनी. आधी बघितलेलं मूल जास्त खूष होतं, हे तूच आत्ता म्हणालीस. म्हणजे सोमवारचे आकडे फुगलेले आहेत. आणि त्या आकड्यांवर दादाचा सिनेमा उभा आहे."

भावाने पेला ठेवला. "मी मुलं फितवली असं तुला वाटतं."

"मी असं म्हटलं नाही."

"तुला म्हणावं लागत नाही. लहानपणी आईच्या डब्यातला खाऊ गेला की तू आधी माझे हात हुंगायचीस." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "मालकिणीकडेही प्रत होती. तिचे हात हुंगलेस?"

"तिची प्रत सापडत नाहीये."

"मग आधी तिकडे जायचं होतंस. घरच्याकडे नंतर यायचं."

सगळे जेवले. उठताना भाऊ म्हणाला, "त्या जागी आजीचं नाक बघितलंस का?"

"कुठलं नाक?"

"नीट बघ. मी आत्ता सांगितलं तर तुला वाटेल मी पढवतोय."

गुरुवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ती खोलीत होती. तिने ती जागा एकेक फ्रेम करत पुढे नेली. आजी चित्राकडे बघते. आजी बघत राहते. मग, पुढचा शॉट सुरू व्हायच्या जरा आधी, आजीचं नाक आक्रसतं. किंचित. डोळा मिटायच्या आत संपतं.

अ‍ॅनिमेशनमध्ये कुठलीच हालचाल एकदम होत नाही. उडी मारायची तर आधी खाली वाकायचं, ठोसा मारायचा तर आधी हात मागे घ्यायचा. याला ते लोक तयारी म्हणतात. शिंकेची तयारी म्हणजे नाक. धाकटीने शिंक कापली होती ती आवाजावर कान ठेवून, कारण शिंक म्हटली की आवाजच आधी आठवतो. आवाज सुरू होतो त्याच्या अलीकडे कात्री लावली आणि तयारीचा तुकडा तसाच राहिला. टोचूचा पहिला सिनेमा पाहिलेल्या कुठल्याही मुलाला त्या नाकाचा अर्थ पाठ होता. नाक आक्रसलं की शिंक येणार. मुलं येणाऱ्या शिंकेला हसली असतील. ती आलीच नाही, हा भाग वेगळा.

म्हणजे चूक तिचीच, भावाची नाही. चोर शोधायला निघालेल्याच्याच खिशात किल्ली सापडावी तसं झालं.

मग तिच्या मनात दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याइतका सुखाचा नव्हता. भावाला हे आधीपासून माहीत होतं.

तो आला तेव्हा तिने विचारलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं," तो म्हणाला. "मला आवडलं. बोललो असतो तर तू पुसलं असतंस."

"अर्थात पुसलं असतं."

"म्हणून नाही बोललो. शिंक नाही, नुसतं नाक. मुलांनी मागितलं, आपण दिलं नाही. आजीने शिंक दाबली, टोचूला जाताना बघता यावं म्हणून. तू चुकून माझ्या सिनेमातली सगळ्यात चांगली जागा करून ठेवलीस."

हे इतकं सुरेख होतं की त्यावर विश्वास ठेवायला धाकटीला जड गेलं. सुरेख खुलाशांवर तिचा मुळातच विश्वास नव्हता. खरी कारणं सहसा ओबडधोबड असतात.

तिने मालकिणीला गाठलं आणि आणखी एक चाचणी मागितली. नवी मुलं, शहराच्या दुसऱ्या टोकाची, पुलापलीकडची. मुलं कुठली हे भावाला सांगायचं नाही. नाक तसंच ठेवायचं. नवी मुलंही त्याच जागी हसली तर नाक खरं. गप्प बसली तर सोमवारची मुलं शिकवलेली होती.

"आणि गप्प बसली तर तू मला येऊन सांगशील?" मालकिणीने विचारलं. "भाऊ आहे तुझा."

"सांगेन."

"तुझ्यासारखी बहीण नको गं बाई कुणाला," मालकीण म्हणाली आणि तिने होकार दिला. जुनी प्रत घरी सापडली का, हे धाकटीने विचारलं. अजून शोधायला वेळ मिळाला नाही, असं उत्तर आलं.

त्याच दिवशी दुपारी चाळीस मुलं आली. धाकटी या वेळी मागे न उभी राहता पडद्याच्या बाजूला, मुलांचे चेहरे दिसतील अशी बसली. आजी बोलली. आजी गप्प झाली. आजीने चित्राकडे बघितलं.

मुलं हसली.

या वेळी कुठल्याच रांगेतून सुरुवात झाली नाही. हसू सगळीकडून उठलं, पावडरचा डबा सांडावा तसं. लगेच विरलंही. पहिल्या रांगेतला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "आली नाही." त्याची शेजारीण म्हणाली, "ती रडतेय म्हणून." आणि मग थिएटरात अशी शांतता पसरली जी धाकटीने मुलांच्या खेळात कधी ऐकली नव्हती. भावाचं म्हणणं खरं होतं. मागू द्यायचं आणि द्यायचं नाही. बघता बघता हसू आजीच्या बाजूचं झालं होतं.

आकडे सोमवारच्या थोडे खाली आणि पहिल्या सिनेमाच्या वर आले.

संध्याकाळी ती भावाच्या टेबलाशी गेली. तो शेवटच्या प्रसंगाचे रंग तपासत होता.

"हसली," ती म्हणाली.

"कळलं मला. कानसेन बोलला."

"दादा, मी..."

"हात हुंगून झाले ना? मग ठीक आहे." त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस. हा निळा बघ, फार निळा झालाय का?"

ती बसली. निळा फार निळा झाला होता. दोघांनी मिळून तो उतरवला.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता सिनेमा लॉक झाला. भावाने सही केली, मालकिणीने केली, धाकटीने केली. मालकिणीने पेढा-बर्फी काही न मागवता सगळ्यांना अर्धा दिवस सुट्टी दिली, तिच्या लेखी ही मोठी गोष्ट होती. भाऊ वहिनीला फोन करत जिना उतरला. नाक राहिलं. दुरुस्तीवाल्याला येऊ नका असं कळवलं गेलं.

धाकटी थांबली. गुरुवारच्या चाचणीतलं एक काम शिल्लक होतं. प्रत्येक खेळानंतर मुलं जमवणारी बाई सहा मुलांना घेऊन बसायची, काय आवडलं ते विचारायची आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित करून पाठवायची. सिनेमा लॉक झाल्यावर ते ऐकण्यात अर्थ नव्हता. पण पाठवलेलं न ऐकता सोडणं धाकटीच्या स्वभावात नव्हतं. तिने कानसेनला थांबवून घेतलं, त्याने एकदा घड्याळाकडे बघितलं आणि बसला.

पाच मुलं टोचूबद्दल बोलली, आजीबद्दल बोलली, थिएटरातल्या थंडीबद्दल बोलली. सहावी मुलगी होती. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ.

"मला आजीची जागा आवडली. आजी शिंकली, मग चित्र पडलं आणि मग तो कोळी गेला. मला कोळी सगळ्यात जास्त आवडला."

"कुठला कोळी गं?" ध्वनिमुद्रणातल्या बाईने विचारलं.

"तोच. पाठीवर गाठोडं घेतलेला."

"असा कुणी नव्हताच," दुसरा मुलगा म्हणाला.

"होता."

"नव्हता. शिंकपण नव्हती."

"होता," मुलगी म्हणाली. "तू बघितलं नसशील."

कानसेनने ध्वनिमुद्रण थांबवलं. खाली रस्त्यावर कुणाची तरी मोटार सुरू होत नव्हती, तेवढा आवाज येत राहिला.

नाकावरून शिंक ओळखता येते. शिंकेवरून, फार तर, चित्र पडलं असेल असंही एखादं कल्पक मूल म्हणेल. पण घर मोडलं म्हणून गाठोडं पाठीवर टाकून निघालेला कोळी नाकावरून ओळखता येत नाही. तो सिनेमात कुठेही नव्हता. तरीही धाकटीने खात्री केली. दोन्ही पडद्यांवर लॉक झालेली प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पळवून बघितली. कोळी नव्हता.

"मधली सुट्टी," कानसेन म्हणाला. बुधवारच्या जेवणाचं धाकटीने त्याला सांगितलं होतं. "तुमची भाची करते ना तो खेळ? पोरांचे खेळ फार लांब जातात."

"पूल ओलांडून?"

"आमच्या लहानपणी एक शिवी तीन गावं ओलांडून आली होती."

"मग ती 'खेळात बघितला' म्हणाली असती. ही 'सिनेमात होता' म्हणतेय."

"एवढ्याशा पोरीला त्यात फरक कळतो का, हे मला विचारू नका." त्याने जेवणाचा डबा पिशवीत टाकला. "मी काही ऐकलं नाही. तुम्हाला ऐकायचं असेल तर तुमचं खातं."

तो गेल्यावर तिने भावाला फोन लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. मागे वहिनीचा आणि भाचीचा आवाज होता, कुठेतरी बाहेर जेवायला बसले होते.

"दादा, एकच विचारते. तो कोळी कुणाकुणाला माहीत आहे?"

पलीकडे ताटं वाजली. कुणीतरी खुर्ची ओढली.

"कुठला कोळी?" भाऊ म्हणाला.

तो कोळी त्याने स्वतःच्या हाताने रेखाटला होता. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. गाठोडं कुठल्या खांद्यावर ठेवायचं यावरून त्याचं आणि धाकटीचं एक अख्खी दुपार भांडण झालं होतं.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "जेवा तुम्ही."

तिने मुलं जमवणाऱ्या बाईला निरोप पाठवला: सहाव्या मुलीची शाळा कोणती, तिला कुणी आणून सोडलं, आणि ती आधी कुठे राहायची. मालकिणीलाही एकच ओळ पाठवली: जुनी प्रत सापडली का. कोळ्याबद्दल काही लिहिलं नाही. सिनेमाच्या प्रती काढायला शनिवारी सकाळी सुरुवात होणार होती आणि ती थांबवायची तर मालकिणीच्या सहीने थांबवता येत होती.

शनिवारी सकाळी प्रती काढायला सुरुवात झाली. मालकिणीचं उत्तर आलं, प्रत सापडली, नातवाच्या खेळण्यांच्या टोपलीत होती. मुलं जमवणाऱ्या बाईने निरोप वाचला आहे. मुलीची शाळा तिने अजून कळवलेली नाही.